नऊ गाण्यांत सात पाहुणे: हा अल्बम माझा राहिला का?

गोखलेनगर_सोळाबार

प्रश्न लांबलचक आहे. पण तुकड्यात विचारला तर उत्तरही तुकड्यातच मिळेल, म्हणून सगळं सांगतो.

मी मराठीत रॅप करतो, चार वर्षं झाली. दिवसा अप्पा बळवंत चौकाजवळ एका बाइंडिंगच्या दुकानात काम करतो. फर्मे जुळवायचे, शिलाई मारायची, पुठ्ठा चढवायचा. हात कामात आणि डोकं मोकळं, त्यामुळे निम्म्या ओळी तिथंच सुचल्यात. रद्दीत गेलेल्या कव्हरच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आणि खिशात ठेवतो. आता पहिला अल्बम होत आलाय. नऊ गाणी, एकतीस मिनिटं. रेकॉर्डिंग दत्तवाडीत एका मित्राच्या माळ्यावर केलं. खिडकीला गादी, दाराला दोन गोधड्या. ढोलपथकांचा सराव सुरू झाला की नदीकाठावरून ताशा असा आत घुसतो की रात्री दहापर्यंत माइक उघडण्यात अर्थ नसतो. म्हणून जवळजवळ सगळं दहा ते दोनमध्ये झालंय, आणि आवाजात ती उतरती रात्र ऐकू येते. मला ती आवडते.

अडचण पाहुण्यांची आहे. नऊपैकी सात गाण्यांत कुणी ना कुणी आहे. सुरुवातीला वाटलं होतं की जितके जास्त लोक तितकं चांगलं. प्रत्येकाचे ऐकणारे वेगळे, प्रत्येकजण आपापल्या पेजवर टाकणार. येरवड्याचा एकजण, पिंपरीचे दोघं, एक मुलगी हुक (मधून मधून परत येणारी ओळ) गाते, एकानं नुसत्या शेवटच्या आठ ओळी केल्यात. सगळे जीव लावून आले, कुणी पैसे घेतले नाहीत.

आता पाचवं गाणं. हे माझ्या आजीचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती, शनिवार पेठेत नदीच्या अंगाला एका वाड्यात राहायची. मागच्या दिवाळीत मी मोबाइल तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, सांग. चाळीस मिनिटं बोलली. वाडा मातीचा होता, तो पाण्यानं पडला नाही, ‘विरघळला’ असं ती म्हणते. ते सगळे पर्वतीकडे पळाले. पाणी ओसरल्यावर परत आले तर आपला दरवाजा कुठला ते कळेना, चिखल आणि कुजलेल्या धान्याचा वास. नंतर पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या, पुढं तिचं लग्न झालं, ती गोखलेनगरला आली, आम्ही अजून तिथंच आहोत. आजही तांदळाचा डबा ती सगळ्यात वरच्या फळीवर ठेवते. स्वयंपाक करताना दर वेळी स्टुलावर चढावं लागतं, पण डबा खाली येत नाही.

त्या चाळीस मिनिटांतले चार तुकडे मी गाण्यात घेतलेत. मध्ये माझे सोळा बार, म्हणजे रॅपच्या सोळा ओळी. आणि शेवटी सोळा बार आमच्या ग्रुपमधल्या थोरल्याचे.

थोरला म्हणजे आमच्यात वयानं आणि मानानं मोठा. मला पहिला माइक त्यानं दिला. माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या इंटरफेसचे हप्ते त्याच्या नावावर आहेत. त्याचा फ्लो माझ्यापेक्षा शंभर पटीनं घट्ट आहे, हे मी मनापासून म्हणतो. पण त्यानं जे लिहिलंय ते ‘मी कुणाला भीत नाही, माझ्यासमोर कुणी टिकत नाही’ असं आहे. आजी म्हणते, “आई मागं वळून बघायची नाही, आम्हालाही बघू द्यायची नाही,” आणि त्याच्या पुढच्या ठोक्याला तो दुश्मन मोजायला लागतो. ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडतो.

दरम्यान एकानं मला रॅपर एमएफ डूम आणि बीट (रॅपखालचं संगीत) करणारा मॅडलिब यांचा ‘मॅडव्हिलनी’ ऐकायला दिला. दोन आठवडे दुकानात तोच चालू आहे. सगळे म्हणतात की अंडरग्राउंड हिपहॉपमधला हा जोडीनं केलेला सगळ्यात मोठा अल्बम. मी पाहुणे शोधत बसलो तर बावीस ट्रॅकमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही येतात आणि जातात. तरी अल्बम माणसांनी भरलेला वाटतो. हे कसं जमलं? आणि थोरल्याचा वर्स (ते सोळा बार) काढायचा तर कोणत्या तोंडानं सांगायचं? ज्यांनी स्वतः अल्बम केलेत किंवा हा अल्बम नीट ऐकलाय त्यांनी सांगा.

बुधवार_रविवार_जुनाबाजार

मी गाणी करत नाही, गाणी गोळा करतो. वीस वर्षं बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात तबकड्या आणि कॅसेटी उपसतोय. ‘मॅडव्हिलनी’वर मात्र बोलू शकतो, कारण तो अल्बम मी जितका ऐकलाय तितकं दुसरं काहीच नाही.

तू पाहुणे मोजलेस ते बरोबर आहे, पण एकदा नावं समोर ठेवून मोज. ‘रेड’वर मेडाफोअर. ‘हार्डकोअर हसल’वर वाइल्डचाइल्ड. ‘आय’वर स्टेसी एप्स. बाहेरची खरी माणसं एवढीच. उरली दोन नावं, क्वासिमोटो आणि व्हिक्टर व्हॉन. क्वासिमोटो म्हणजे मॅडलिब स्वतः. टेप हळू चालवून त्यावर बोलायचं आणि मग ती नेहमीच्या वेगानं वाजवायची, त्यातून तो चिरका आवाज येतो. २००० साली त्याच आवाजानं त्यानं आख्खा अल्बम केला होता. आणि व्हिक्टर व्हॉन म्हणजे डूम स्वतः. या नावानं त्यानं २००३ मध्ये वेगळा अल्बम काढला.

आता ‘फॅन्सी क्लाउन’ पुन्हा ऐक. व्हिक्टर व्हॉन आपल्या मैत्रिणीवर चिडलाय, कारण तिचं दुसऱ्याशी जुळलंय. तो दुसरा कोण, तर मुखवटेवाला डूम. म्हणजे एक माणूस स्वतःच्याच दुसऱ्या सोंगावर जळतोय. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा नाथांचं भारूड आठवलं. नाथ कधी जोशी होऊन बोलतात, कधी गोंधळी, कधी वासुदेव, कधी पांगुळ. प्रत्येक सोंगाची बोली वेगळी, चाल वेगळी, पण मागं सांगणारा एकच. भारूड ऐकताना अंगण गर्दीनं भरल्यासारखं वाटतं आणि समोर बघावं तर एक माणूस आणि एक टाळकरी. तुला ‘मॅडव्हिलनी’ माणसांनी भरलेला वाटला तो यामुळे.

आणि बाहेरचे जे आलेत ते कसे आलेत ते बघ. वाइल्डचाइल्ड हा मॅडलिबचा लूटपॅक या ग्रुपमधला जुना साथीदार. मेडाफोअरही त्याच्याच गावचा, ऑक्सनार्डचा. बाजारात कुणाचं नाव गरम आहे म्हणून बोलावलेलं एकही माणूस त्यात नाही. शिवाय ‘हार्डकोअर हसल’वर पूर्ण रॅप वाइल्डचाइल्डचं आहे, डूम तिथं तोंडच उघडत नाही. ‘आय’वर फक्त स्टेसी एप्स आहे. पाहुण्याला बसायला पाट दिला आणि यजमान आत निघून गेला. तुझ्या पाचव्या गाण्यात उलट झालंय. आजीला पाट दिलास आणि तिचं सांगून संपायच्या आत दुसऱ्याला त्याच पाटावर बसवलंस.

थोडं त्या अल्बमच्या घडणीबद्दल सांगतो, कारण तुझ्या ‘कोणत्या तोंडानं’ या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. डूमचं मूळ नाव डॅनिएल डूमिले. धाकटा भाऊ सबरॉक आणि तो, दोघांचा केएमडी नावाचा ग्रुप होता. १९९३ मध्ये सबरॉक गाडीखाली गेला. त्यानंतर लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं, तयार झालेला अल्बम बाजूला ठेवून ग्रुपलाच काढून टाकलं. हा माणूस काही वर्षं दिसेनासा झाला आणि परत आला तो तोंड झाकूनच. आधी पायमोजा चेहऱ्यावर ओढून ओपन माइकला उभा राहायचा, मुखवटा पुढं आला. १९९९ मध्ये त्याचा पहिला एकट्याचा अल्बम आला. मॅडलिबला त्याच्यासोबत काम करायचं होतं, आणि मॅडलिबच्या स्टोन्स थ्रो या लेबलनं त्याला लॉस एंजेलिसला बोलावलं. डोंगरावरचं एक घर, त्यात मॅडलिब तळघरासारख्या बॉम्ब शेल्टरमध्ये बसून बीट करायचा आणि डूम वर बसून लिहायचा. एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले नाहीत. खालून सीडी यायची, वरून शब्द जायचे.

मग मॅडलिब २००२ मध्ये ब्राझीलला गेला. तिथं हॉटेलच्या खोलीत हातात नेता येईल असा टर्नटेबल, एक छोटा एसपी-३०३ सॅम्पलर (आवाजाचे तुकडे कापून वाजवायचं यंत्र) आणि टेप डेक, एवढ्यावर त्यानं बरेच बीट केले. तुझा माळा त्या खोलीपेक्षा मोठाच असेल. त्याच सुमारास अर्धवट अल्बम इंटरनेटवर फुटला. कुणाचाही धीर खचेल. दोघांनीही तो बाजूला ठेवला आणि वेगवेगळी कामं केली. परत आले तेव्हा डूमनं बरेचसे शब्द नव्यानं रेकॉर्ड केले, पहिल्यापेक्षा खालच्या, शांत आवाजात. फुटलेल्या प्रतीत तो जोरात आहे, भांडणात असल्यासारखा. २००४ च्या मार्चमध्ये जे बाहेर आलं त्यात तो खुर्चीत रेलून बोलतोय. शब्द बहुतेक तेच, पण आज लोकांना पाठ आहे तो दुसरा आवाज.

म्हणून माझं म्हणणं: वर्स काढणं हा अपमान आणि वर्स ठेवणं हा मान, असं नसतं. डूमनं स्वतःचेच रेकॉर्ड केलेले टेक फेकले. थोरल्याला काढू नकोस, त्याला ते गाणं ऐकव. बीटवर नाही, आजीची चाळीस मिनिटं. मला शंका आहे की त्यानं ती ऐकलेलीच नाहीत. तू त्याला नुसता बीट पाठवला असशील, आणि बीटवर त्यानं जे येतं ते लिहिलं. त्यात त्याची चूक काय?

एक जाता जाता. ‘शॅडोज ऑफ टुमॉरो’ नीट कान देऊन ऐक. त्यात पंचमदांच्या एका हिंदी गाण्याचा तुकडा आहे. पुढं २००७ मध्ये मॅडलिबनं भारतातल्या तबकड्यांवरच बीटचा एक आख्खा संच काढला. मी जुन्या बाजारात ज्या ढिगात हात घालतो तशाच एखाद्या ढिगातून त्यानंही हे उचललं असणार, या विचारानं मला अजून काटा येतो. डूम ३१ ऑक्टोबर २०२० ला गेला. बातमी कळली ती ३१ डिसेंबरला, घरच्यांनी दोन महिने काही सांगितलं नाही. त्या रात्री बाहेर फटाके वाजत होते आणि मी हाच अल्बम लावून बसलो होतो.

करार_आधी_चहा_नंतर

मी कलाकारांची कागदपत्रं बघते, वकिली शिकले आहे. गाण्यातलं जुन्या बाजारवाल्या दादांनी सांगितलंच, मी कोरड्या भागाचं सांगते, कारण नंतर सगळे इथेच अडकतात.

तुझे सातही पाहुणे फुकट आलेत म्हणालास. त्यातल्या एकाकडून तरी काही लिहून घेतलंयस का? व्हॉट्सॲपवर ‘चालेल भावा’ आलं असेल आणि तू ते पुरेसं धरलं असशील. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तू अल्बम जगभरच्या ॲपवर टाकणार, म्हणजे दोन्ही ओळी कागदावर हव्यात. आणखी एक, २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल करणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा त्याला स्वतःलाही सोडून देता येत नाही, वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देणं एवढाच अपवाद. म्हणजे पिंपरीच्या त्या दोघांनी ‘आम्हाला काही नको’ म्हटलं तरी त्यांचे शब्द त्यांचेच. त्यांना आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे सभासद व्हायला सांग, तूही हो.

मोठा करार नको. प्रत्येक गाण्याला एक पान. शब्द कुणाचे, बीट कुणाचा, हुकची चाल कुणाची, कुणाला किती टक्के, बेरीज शंभर, सगळ्यांच्या सह्या, तारीख. हुक गाणाऱ्या मुलीनं चाल स्वतः बसवली असेल तर ती नुसती गायिका नाही, हे विसरू नकोस. मुलींच्या बाबतीत हे फार वेळा विसरलं जातं, मी हातातल्या कामात बघितलंय. ‘मॅडव्हिलनी’चा सुरुवातीचा करार कागदी प्लेटवर लिहिला होता असं त्या लेबलच्या लोकांनीच सांगितलंय. प्लेट चालेल, पण लिहिलेलं हवं.

आणि आजी. तिचं बोलणं तू वापरतोयस, तर तिचं नाव क्रेडिटमध्ये ‘आवाज’ म्हणून घाल आणि तिची परवानगी साध्या मराठीत लिहून, वाचून दाखवून घे. घरचं माणूस म्हणून गृहीत धरू नकोस. तुझ्या यादीत सात पाहुणे आहेत, मी आठ मोजले.

वर भारुडाचा विषय निघाला म्हणून एक उदाहरण मीही देते. मुंबईच्या स्वदेसी ग्रुपनं २०१९ मध्ये वारली लोकांच्या लढ्यावर गाणं केलं. आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर त्यात गातात. रॅप करणारे तिघं-चौघं आहेत, सगळे तयारीचे, पण ते गाणं भोईरांच्या आवाजाभोवती उभं आहे. त्यांना बाजूला काढलं तर काही उरत नाही. पाहुणा हवा की नको हे मी त्यावरून ठरवते: काढून बघायचं आणि उरतं का ते ऐकायचं.

सिंहगडरोड_मिक्स

मी मिक्सिंग करतो. वरची चर्चा वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिली आजीच्या आवाजाबद्दल. मोबाइलचं रेकॉर्डिंग आहे म्हणजे मागं पंखा असणार, कदाचित फ्रीजही. लोक अशा वेळी सॉफ्टवेअरनं सगळा आवाज धुऊन काढतात आणि माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायला लागतं. तसं करू नकोस. ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतली १०० आणि १५०, एवढ्यावर बारीक कात्री चालव आणि बाकीचं घर राहू दे. भांडं पडल्याचा आवाज असेल तर तोही. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवली आहेस ना? आज ठेव, उद्या नाही. माझ्या वडिलांचा एक असाच आवाज एका मेमरी कार्डाबरोबर गेला.

दुसरी पाहुण्यांबद्दल. सात जणांनी सात खोल्यांत, सात माइकवर केलेलं असेल तर अल्बम सात घरांचा वाटणारच, मग शब्द कितीही जुळोत. प्रत्येकाकडून कोरडी वेव्ह फाइल माग, ट्यून न लावलेली, इको न लावलेली, गाण्याच्या पहिल्या ठोक्यापासून सुरू होणारी. शक्य असेल त्यांना त्याच माळ्यावर बोलाव आणि त्याच गोधडीमागं पुन्हा करून घे. रात्री दहानंतरच. तू म्हणालास ना की आवाजात रात्र ऐकू येते, मग ती सगळ्यांच्या आवाजात येऊ दे. आधी हे कर, मग कुणाचा वर्स नकोसा वाटतोय ते ठरव. मला वाटतं सातातले दोघं-तिघं आपोआप घरचे होतील.

थोरल्याबद्दल मला दादांचं पूर्ण पटलेलं नाही. आजी ऐकवल्यावर तो नवं लिहील आणि ते कदाचित उत्तम असेल, तरी त्या गाण्याला तिसरा आवाज लागतो का हा प्रश्न उरतोच. चांगला वर्ससुद्धा जास्तीचा असू शकतो. सांगताना बिचकू नकोस, मात्र मेसेजवर सांगू नकोस.

गोखलेनगर_सोळाबार

सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहितोय कारण मध्ये बरंच झालं.

दादा, तुमचा अंदाज खरा निघाला. मी थोरल्याला फक्त बीट पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘पाण्यावर आहे, जोरात लिही.’ त्यानं जोरात लिहिलं. रविवारी सकाळी आम्ही दोघं वेताळ टेकडीवर गेलो. खाणीच्या वरच्या बाजूला बसून मी एक इअरफोन त्याला दिला, एक मला, आणि पूर्ण चाळीस मिनिटं ऐकवली. तो मध्ये एकदाही बोलला नाही. संपल्यावर म्हणाला, “माझं काढ.” मी काही म्हणायच्या आत. मग बराच वेळ खालच्या शहराकडे बघत बसला आणि म्हणाला की त्याचे आजोबाही पानशेतच्या पाण्याबद्दल बोलायचे, त्यानं कधी थांबून ऐकलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

ते सोळा बार निघाले. त्याजागी काही घातलेलं नाही. आजीच्या शेवटच्या वाक्यानंतर आठ बार नुसता बीट चालतो. पहिल्यांदा रिकामं वाटलं, आता तीच जागा मला सगळ्यात जास्त आवडते. थोरल्याचा तो वर्स वाया जाणार नाही, सातव्या गाण्यात मीच कमी पडत होतो, तिथं त्याला पूर्ण मैदान दिलंय आणि माझे बार काढलेत. वाइल्डचाइल्डवाली गोष्ट डोक्यात होती. गाणं आता दुप्पट चांगलं झालंय आणि त्यात मी फक्त हुकच्या मागं आहे.

पाहुणे सातावरून पाचावर आलेत. पिंपरीच्या दोघांनी माळ्यावर येऊन पुन्हा रेकॉर्ड केलं, रात्री साडेअकराला, शेवटची बस चुकली म्हणून तिथंच झोपले. ज्या दोघांना नाही म्हणावं लागलं त्यांना समोर बसून सांगितलं. एकजण समजला. एकजण अजून बोलत नाहीये. ते मला लागलंय, पण मी त्याच्याकडे पुन्हा जाणार आहे.

ताई, सगळी पानं झाली. टक्के लिहिताना सगळ्यात जास्त वेळ हुकच्या चालीवर गेला. ती मुलगी म्हणाली, “मला कुणी विचारतच नाही,” आणि तिनं स्वतःहून आकडा सांगितला, तो मी देणार होतो त्यापेक्षा कमी होता. तिला वाढवून लिहिला. माळ्यावरच्या फाइलच्या तीन प्रती झाल्यात. एक बाइंडिंगच्या दुकानातल्या कपाटात, पेनड्राइव्हवर.

आजीचं पान मी तिला वाचून दाखवलं. तिनं चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं आणि जिथं नाव होतं तिथं बोट ठेवलं. म्हणाली, “हे नाव नको. पाणी आलं तेव्हा माझं लग्न कुठं झालं होतं? माहेरचं लाव.” मग सहीही तीच केली, साठेक वर्षांत बहुधा पहिल्यांदाच, आणि आडनावाच्या शेवटच्या अक्षराशी थोडी अडखळली. कव्हर उद्या छापायला जातंय. पाचव्या गाण्यापुढं तेच नाव आहे.